सात घरी जेवलेला वासू धारकर

भानुमतीकाकूंच्या घरचं वरण पातळ असायचं, हे मी त्या असेपर्यंत चारचौघांत बोललो नाही. आता काकू नाहीत, त्यांचा शाम लेकाकडे बंगलोरला जाऊन बसलाय, आणि माझ्याही पोटात गोष्टी फार दिवस टिकत नाहीत. पातळ म्हणजे किती? तर वाटीत बघून भांग पाडावा इतकं. हे मला वासू धारकरनं सांगितलेलं, आणि त्याला माहीत असणारच. सोमवारी तो त्यांच्याकडे जेवायचा. मंगळवारी त्यांच्या समोरच्यांकडे, बुधवारी कोपऱ्यावर, गुरुवारी आमच्याकडे, असं करत करत रविवारपर्यंत. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत सात मराठी घरांनी मिळून एक पोर वाढवलं. निदान गल्ली तसं सांगते.

वार लावून जेवणं आमच्या लोकांत नवं नव्हतं. गरिबाघरचा मुलगा शहरात शिकायला आला की सात घरं धरायचा, रोज एका घरी जेवायचा, आणि पुढे मामलेदार झाला की पेढे घेऊन सातही घरी पाया पडायला यायचा. त्यात कुणाला कमीपणा नव्हता. पण वासू कुठून शिकायला आलेला नव्हता. तो आमच्याच गल्लीतला, देवळाला लागून असलेल्या घरातला. त्याचे वार कसे लागले ते नंतर सातही घरांतून जरा धुऊन-पुसून सांगितलं गेलं. मी न धुता सांगतो.

त्याचा बाप धारकर मास्तर, शाळेत गणित शिकवायचा. बेचाळीस साली लढाई ऐन भरात होती आणि महूच्या छावणीत गोऱ्या फौजेची ही गर्दी. मास्तर आणि त्याचे दोन सोबती रात्री-अपरात्री राऊच्या पुढे जाऊन खांबावरच्या तारा तोडायचे. छावणीचा टेलिफोन मुका झाला की दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात जरा जास्त खुशीत शिकवायचा. वासूची आई पत्रकं वाटायची, आणि पत्रकं छापायचं यंत्र तिनं गव्हाच्या कोठीत पुरून ठेवलं होतं. गल्लीला हे सगळं माहीत होतं. गल्लीला काय माहीत नसतं? पण आमच्याकडचे बहुतेक पुरुष होळकर दरबारच्या दफ्तरात कारकून. सकाळी मास्तर समोरून आला की भल्याभल्यांना एकदम चपलेत खडा गेल्यासारखं व्हायचं आणि ते खाली वाकायचे.

मास्तर पकडला गेला आणि चार महिन्यांत तुरुंगातच संपला. तापानं गेला म्हणून कळवलं, प्रेत दिलं नाही. आईला नेलं, ती रक्त ओकायला लागली तेव्हा सोडलं. पुढच्या वर्षी तीही गेली. वासू तेव्हा सहा वर्षांचा. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून हे मला चांगलं आठवतं.

आईचं तेरावं झालं आणि देवळाच्या ओवरीत सगळे जमले. घर भाड्याचं, ते मालकानं परत मागितलेलं. मग पोराचं काय करायचं? हळहळ इतकी की कुणाला शब्द फुटेना. आठवड्यात पोलीस दोनदा येऊन गेले होते. त्या घरी कोण येतं, कोण जातं, विचारून गेले होते. दफ्तरात नोकरी आणि घरात तारतोड्याचं पोर, हे गणित कुणालाच सुटेना. तेव्हा बायकांच्या बाजूनं भानुमतीकाकू बोलल्या. लग्न होऊन आलेल्या, पंचविशीच्या आत-बाहेर.

"घरात ठेवून घेतला तर तो त्या घरचा होतो. नुसता जेवायला घातला तर कुणाचाच होत नाही. वार लावा. उद्या कुणी विचारलंच तर सांगता येईल, दाराशी आलेल्याला अन्न दिलं. त्यात गुन्हा कसला?"

पुरुषांनी सुटकेचा श्वास टाकला. असा सुटसुटीत तोडगा दरबारच्या दिवाणाला सुचला नसता. लगेच वार वाटून झाले. वासू खांबाशी बसून ऐकत होता. सगळं ठरल्यावर त्यानं विचारलं, "आणि झोपायचं?"

"देऊळ आहे की," काकू म्हणाल्या.

तर वासू ओवरीत झोपायचा आणि बाराला ज्याचा वार त्याच्या दारात उभा राहायचा. सोमवार शंकराचा, म्हणून काकूंकडे उपास. पोरालाही एक वेळच. गुरुवारी आमच्याकडे दत्ताचा उपास. आई त्याला साबुदाण्याची खिचडी द्यायची, चिमणीला टाकावी तेवढी. शनिवारी मारुती. मधेच एकादशी, मधेच चतुर्थी. प्रत्येक देवानं आपापल्या वारी त्या पोराला पुण्य मिळवून दिलं. इतक्या लहान वयात इतकं पुण्य गाठीला असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

वाराच्या पोराचे नेम तीन. मागायचं नाही, टाकायचं नाही, वर बघायचं नाही. बसायचं दाराबाहेर, पडवीत. एकदा बुधवारवाल्यांकडे त्यानं कारल्याची भाजी ताटात टाकली. त्यांनी ते ताट तसंच झाकून ठेवलं आणि पुढच्या बुधवारी पुढे केलं. बुधवारवाले ही गोष्ट पुढे कौतुकानं सांगायचे, की पोराला शिस्त आम्ही लावली.

मग स्वातंत्र्य आलं. पंधरा ऑगस्टला नेमका शुक्रवार होता. शुक्रवारवाल्यांनी वासूला न्हाऊ घातलं, नवा सदरा चढवला, हातात झेंडा देऊन फोटो काढला आणि श्रीखंड केलं. देश आमच्या वारी स्वतंत्र झाला, हे ते मरेपर्यंत सांगत राहिले. बाकीच्या सहा घरांच्या पोटात दुखलं. त्या दिवसापासून गल्लीत प्रत्येकजण हुतात्म्याच्या मुलाला वाढवत होता, आणि चार वर्षं ज्याला पोलीस बघतील म्हणून बाहेर बसवलं त्याला पाहुणे आले की बैठकीत बोलावून दाखवू लागले. झोपायला मात्र देऊळच. आता भीती नव्हती, पण सवय झाली होती.

मॅट्रिकला तो दोनदा गचकला. बाप गणिताचा, आणि पोरगा गणितातच. आम्ही चिडवायचो, "वाश्या, तुझ्या बापानं तारा तोडल्या, त्यातली एक तुझ्या डोक्यातली होती काय?" तो हसायचा. पुढे मिलमध्ये लागला, मागांच्या खात्यात. दिवसभर मागांचा खडखडाट. मिलच्या लाइनीत, म्हणजे कामगारांच्या चाळीत, त्याला एक खोली मिळाली. तेव्हा कुठे वार सुटले.

लग्नाचंही एकदा निघालं होतं. देवासची मुलगी, मुलीचा बाप स्वतः बघायला आला. माणूस साधा. त्याचं म्हणणं इतकंच, की मुलाच्या बाजूनं लग्नात उभं कोण राहणार? सोमवारवाले म्हणाले, आमच्यापेक्षा शुक्रवारवाल्यांचा मान मोठा. शुक्रवारवाले म्हणाले, रविवारवाले वयानं वडील. सातही घरांनी अतिशय नम्रपणे शेजाऱ्याला पुढे केलं. मुलीचा बाप सात घरी सात चहा पिऊन संध्याकाळच्या बसनं देवासला परत गेला. नंतर कुणी त्या भानगडीत पडलं नाही.

पण लग्नकार्यात वासू लागायचाच. मुंज असो, डोहाळजेवण असो, वाढायला वासू. घरचाच ना तो. पहिलं वाढप मीठ-लिंबाचं, भातावर वरण, वरणावर तूप, सगळं हातात बसलेलं. धोतर खोचून पंगतीतून जायचा आणि वाकून विचारायचा, "आणखी वाढू का?" आयुष्यात त्यानं हे जितक्या वेळा विचारलं असेल तितक्या वेळा कुणी देवाचं नाव घेतलं नसेल. विचारायचा मात्र दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याचा डाव हातात धरून. त्याला स्वतःला ते कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वाराच्या पोराला विचारत नाहीत. हो म्हणाला तर?

अशी तीसेक वर्षं गेली. नव्वदनंतर मिलचा भोंगा बंद पडला. दिल्लीत बाजार खुला झाला म्हणे. आमच्या गल्लीत त्याचा परिणाम असा, की गच्च्यांवर डिश अँटेना उगवल्या, शामनं बँकेतून कर्ज काढून मारुती घेतली, आणि शनिवारवाल्यांच्या पोरानं देवळाच्या ओवरीला शटर लावून एसटीडीचं बूथ टाकलं. लाइनीतली माणसं मिलच्या दाराशी धरणं धरून बसली, मग कंटाळून उठली. कुणी सांवेर रोडला चौकीदारी धरली, कुणी पोह्यांची गाडी लावली. वासू एका गोदामात पोती मोजायचा, म्हणजे बापानं डोक्यातली ती तार तोडली नसती तर मोजता आली असती असं आम्ही म्हणायचो. कोर्टानं नेमलेल्या साहेबानं दोन वर्षांनी लाइनीतल्या खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. वासूच्या रांगेला एका सोमवारी सील लागणार होतं.

त्याच्या आधीच्या बुधवारी मी शामच्या व्हरांड्यात चहा पीत बसलो होतो, तर वासू आला. इस्त्रीचा सदरा, हातात अक्षतांची वाटी.

"शाम, रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला यायचं. सगळ्यांनी. काकूंना घेऊन. तूही रे," मला म्हणाला.

"का रे भिया, बुढाप्यात लग्न जमवलं काय?" शाम म्हणाला.

"नाही. सोमवारी खोलीला सील लागतंय. त्याच्या आत एकदा."

"मग सामान हलव ना. जेवणं कशाला काढतोस?"

"सामान म्हणजे एक पेटी. ती हलेल." वासूनं अक्षता शामच्या हातावर ठेवल्या. "सातही वार तुम्ही घेतलेत, शाम. माझा कुठलाच राहिला नाही. हा एक रविवार माझा. माझ्या घरात तुम्ही बसायचं, मी वाढायचं, तुम्ही जेवायचं. इतकंच पाहिजे मला. दुसरं काही मागणार नाही कधी."

वासूच्या तोंडून इतकं लांब बोलणं मी प्रथमच ऐकलं. शाम अक्षतांकडे बघत राहिला.

"लाइनीत गाडी लावायला जागा आहे का?" त्यानं विचारलं.

वासूनं रविवार विचार करून धरला होता. रविवारी कुठल्या देवाचा उपास नाही. एकादशी, चतुर्थी, प्रदोष, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून ठेवलं होतं. आयुष्यभर देवांनी फसवलेला माणूस. या वेळी त्यानं कुणाला पळवाट ठेवली नाही. रविवारवाले तेवढे कुरकुरले, की वार आमचा, आम्हाला आधी विचारायला नको?

आता गल्लीची दानत बघा. वासू गेल्यावर भानुमतीकाकूंनी शामची बायको सुलोचना हिला बोलावलं. काकू ऐंशीला टेकलेल्या, पण शब्द तसाच चालायचा.

"मिल बंद, बाई नाही घरात, तो काय रांधणार आणि किती जणांना पुरवणार? त्याची पंचाईत व्हायला नको. रिकाम्या हातानं जायचं नाही कुणी. ज्यानं त्यानं आपल्या घरचं न्यावं."

सुलोचनानं सहा घरी फोन फिरवला. आमच्या घरी शनिवारी रात्री माझ्या बायकोनं, स्मितानं, साबुदाणा भिजत घातला. मी तिला म्हटलं, "अगं, रविवारी खिचडी?"

"वासूभावजींना आपल्याकडची तीच सवय आहे," ती म्हणाली.

रविवारी आम्ही गेलो. शामची मारुती, दोन स्कूटर, बाकीचे टेंपोत. लाइनीच्या तोंडाशी वास आला तो तुपाचा. वासूनं दाल-बाफले केले होते. कणकेचे गोळे आधी उकळायचे, मग गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे. माळव्यात याच्यावर पक्वान्न नाही. तो हे मिलवाल्यांकडून शिकला. समोरच्या रांगेतला गजानन बोराडे, त्याच्याच खात्यातला, पहाटेपासून विस्तवाशी बसून लाल झाला होता. गजाननच्या बायकोनं, शारदानं, दारात रांगोळी काढली होती. खोली नुकती चुन्यानं पांढरी केलेली. उद्या सील लागणार, आणि यानं चुना मारला. आत आणि बाहेरच्या पडवीत मिळून पंगत मांडलेली, काकूंना पाट, प्रत्येक ताटाशी उदबत्ती. वासू नवं धोतर खोचून, डाव हातात घेऊन उभा.

"या," तो म्हणाला. "घर सापडलं ना?"

बायकांनी पिशव्या उघडल्या. सोमवारचं वरण आणि भात, मंगळवारची भरली वांगी, बुधवारची कारल्याची भाजी, आमची खिचडी, शुक्रवारचं श्रीखंड, शनिवारचे उडदाचे वडे, रविवारची मटकी. सात घरांचे सात डबे चुन्याच्या भिंतीला लागून उभे राहिले. वासू बघत राहिला.

"हे कशाला, वहिनी? मी केलंय."

"असू दे हो. तुम्ही काय काय करणार एकटे?" सुलोचनानं त्याच्या हातातला डाव काढून घेतला. "आज तुम्ही नाही वाढायचं. आयुष्यभर वाढलंत आमच्याकडे. बसा पाहू मधे."

"पण माझ्या घरी..."

"तेच म्हणते मी. आपल्याच घरी कुणी वाढपी होतं का? बसा."

त्याला दोन्ही खांद्यांना धरून बसवला. सगळ्यांत आधी त्याचंच ताट वाढलं, सात घरांतून, कौतुकानं. आणि मग मी जे पाहिलं ते सांगतो. ताट समोर आलं आणि त्याची मान खाली गेली. सत्तावन्न वर्षांचा बाप्या, डोक्याचा कापूस झालेला, तो मागेना, वर बघेना, आणि टाकेना. वरण संपवलं, वांगी संपवली, कारलं संपवलं. खिचडी संपवली. दाराबाहेर परात घेऊन उभा असलेला गजानन त्याच्याकडे बघत होता आणि हा ताटाकडे.

बाकी पंगत रंगात आली. बुधवारवाल्यांनी शुक्रवारच्या श्रीखंडाची तारीफ केली, शुक्रवारवाल्यांनी शनिवारच्या वड्यांची. काकूंनी स्वतःचंच वरण मागून घेतलं.

"भिया, बाफले गार होऊन राहिले," गजानन दारातून म्हणाला. "वाढू?"

तेव्हा वासू उठला. हात धुतले, परात घेतली आणि पहिला काकूंच्या पाटाशी वाकला.

"काकू, एक बाफला."

"अरे, मला दात कुठं आहेत? ठेव, तुला संध्याकाळला होईल."

"शाम?"

"डॉक्टरांनी तूप बंद केलंय, भिया. कोलेस्टेरॉल."

मंगळवारवाल्यांची सून अमिता म्हणाली, गोवरीवरचं तिला सोसत नाही. बुधवारवाल्यांनी पोटावरून हात फिरवला. मीही म्हटलं, पोट तुडुंब आहे. खोटं नव्हतं, श्रीखंड उत्तम झालं होतं. शनिवारवाल्यांच्या पोरानं एक घेतला, बोटानं दाबून पाहिला आणि परातीत परत ठेवला. वासू प्रत्येकापुढे वाकला. परात जशी गेली तशी आली. "आणखी वाढू का?" हे विचारायची वेळच आली नाही.

पान-सुपारी झाल्यावर शाम उभा राहिला. बँकेत त्याला भाषणांची सवय. हुतात्मे धारकर, त्यांची वीरपत्नी, गल्लीचं ऋण, सगळं आलं. मग म्हणाला, "वासू, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. उद्यापासून तुझी खोली जातेय, पण तू उपाशी राहायचं नाहीस. आपले जुने वार पुन्हा सुरू. उद्या सोमवार, आमच्यापासून. बाराला ये."

टाळ्या झाल्या. मंगळवारवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वासू परात धरून उभा होता.

"आणि झोपायचं?" त्यानं विचारलं.

"देऊळ आहे की," भानुमतीकाकू म्हणाल्या. पन्नास वर्षं झाली होती, पण त्यांना विचार करावा लागला नाही. बूथवाल्या पोरानं नखं बघायला सुरुवात केली.

निघताना गजाननानं बाफल्यांची एक पिशवी शामच्या गाडीत जबरदस्तीनं ठेवली. मी मागच्या सीटवर होतो. वळणावर गाडी थांबली, काच खाली झाली आणि पिशवी रस्त्यावर बसलेल्या गाईपुढे पडली. गाईला कोलेस्टेरॉल नसतं.

सोमवारी बाराला काकूंकडे ताट वाढून ठेवलं. वासू आला नाही. सील लावायच्या गडबडीत असेल, असं ठरलं. मंगळवारी आला नाही. त्यांना वाटलं, सोमवारचं जड झालं असेल. बुधवारवाल्यांना वाटलं, मंगळवारी भरपूर जेवून सुस्तावला. गुरुवारी आमच्या खिचडीवर माशा बसल्या, तेव्हा स्मिता म्हणाली, शुक्रवारच्या श्रीखंडासाठी पोट राखून ठेवलं असेल. असं प्रत्येक घर आदल्या दिवशीच्या घरावर विसंबून निर्धास्त होतं. शेवटी रविवारी संध्याकाळी रविवारवाले तणतणत शामकडे आले, की यायचं नव्हतं तर कळवायचं तरी. तेव्हा व्हरांड्यात सगळे जमले आणि एकेकाला विचारत गेले. कुणाकडेच जेवला नव्हता. आठवडाभर सात घरांचं अन्न वाया गेलं म्हणून पहिले सगळे चिडलेच.

मग शाम आणि मी लाइनीत गेलो. वासूच्या दाराला लाख लावलेलं कुलूप. समोरच्या रांगेत गजानन आपल्या ओट्यावर बसला होता.

"वासू कुठंय रे?" शामनं विचारलं.

"तो तर मंगळवारी पहाटेच गेला, शामजी," गजानन म्हणाला. "इथं आमच्या ओट्यावर, झोपेतच. हार्ट होतं म्हणे. आम्हीच केलं सगळं, पंचकुइयाला. अग्नी मी दिला."

"आणि आम्हाला कळवायचं नाही?" शामचा आवाज चढला. "आमच्या सात घरांचा मुलगा तो."

"आलो होतो ना. मंगळवारी सकाळीच आलो गल्लीत. तुमच्या दाराला कुलूप होतं. समोर मंगळवारवाल्यांकडे बेल मारली. मी वासूचं नाव काढलं तशी गच्चीतून अमिताजी म्हणाल्या, वासूभावजी ना, ते आज आमच्याकडेच आहेत जेवायला, बाराला या, भेटतील. आणि आत गेल्या." गजाननानं चेहरा पुसला. "इकडे प्रेत उतरवून ठेवलेलं. मी काय बारापर्यंत थांबणार होतो?"

 मला राहवलं नाही, मी विचारलं, "आणि त्या दिवशीच्या बाफल्यांचं काय केलंत?"

"लाइननं खाल्ले. त्यानं स्वतः खाल्ला नाही. म्हणाला, सात घरचं पोटात आहे, जागा नाही."

घरी येऊन सांगितलं तेव्हा बायका डोळे पुसायला लागल्या आणि सगळ्यांना एकदम प्रश्न पडला, की सुतक कुणाला? नीट विचार करा, लग्नसराई तोंडावर होती. सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

"कुणालाच नाही," काकू म्हणाल्या. "जेवायला होता, घरातला नव्हता."

पण दहाव्याला जायला पाहिजे, नाहीतर लोक नावं ठेवतील, असंही त्याच म्हणाल्या. म्हणून शाम गेला, शुक्रवारवाले गेले, आणि कुठं काय होतं ते बघितल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही तो मी गेलो.

पंचकुइयाला गजानन डोक्याचा गोटा करून बसला होता. शारदा बाजूला, मांडीवर डबा. भटजींनी पिंड मांडले. वर झाडावर कावळे होते, चांगले दहा-बारा, पण एक खाली येईना. ऊन चढलं. शाम घड्याळ बघायला लागला.

"काही इच्छा राहिली असेल त्याची," भटजी म्हणाले. "बोलून बघा."

शुक्रवारवाले पुढे झाले. "वासू, तुझ्या वडिलांच्या नावाचा चौक करू. नगरपालिकेत माझी ओळख आहे." कावळा हलला नाही. शाम म्हणाला, "दर पंधरा ऑगस्टला वडिलांशेजारी तुझाही फोटो लावू. हार आमच्याकडून." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला.

गजानन उठला. शारदाच्या डब्यातून त्यानं एक बाफला काढला, फोडला, तूप बोटांवरून ओघळलं. त्यातला तुकडा त्यानं शामपुढे धरला.

"खा, शामजी. एवढाच. त्याचं काय राहिलं ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे."

शामनं तुकड्याकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून उगाच स्वतःचीच बोटं पुसली.

"अरे, डॉक्टरांनी तूप सोडायला सांगितलंय. नाहीतर मी काय नाही म्हणणार होतो?" तो भटजींकडे वळला. "गुरुजी, कावळा नाही आला तर दर्भाचा करतात ना? तोच करा. मला साडेअकराला बँकेत मीटिंग आहे."

भटजींनी दर्भाच्या चार काड्या घेतल्या, पिळल्या, चोच काढली, आणि तो कावळा पिंडाला टेकवला. शाम आणि शुक्रवारवाले नमस्कार करून गाडीकडे निघाले.

गजानन तसाच उभा होता, हात पुढे करून. शाम गेला तसा तो हात माझ्याकडे वळला. तूप अजून ओघळत होतं, आणि वास असा सुटला होता की काय सांगू. पण त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी मला उपास असतो.